बंदूक तीच, मॅगझिन वेगळे

प्रति,
सन्माननीय निकोल मॅकी,
सहयोगी न्यायमंत्री, न्यूझीलंड

महोदया,

न्यूझीलंडचा १९८३ चा शस्त्र कायदा नव्याने लिहायचा, असे २०२३ च्या युती करारात ठरले आणि ते काम आपल्याकडे आले. बंदुका आपल्याला परक्या नाहीत. राजकारणात येण्याआधी आपण परवानाधारक बंदूकमालकांच्या परिषदेच्या प्रवक्त्या होतात. त्याही आधी माउंटन सेफ्टी कौन्सिलमध्ये, बंदूक सुरक्षित कशी हाताळावी हे शिकवणाऱ्या स्वयंसेवकांचे काम आपण पाहत होतात. म्हणूनच हे पत्र बंदुका असाव्यात की नसाव्यात या मोठ्या वादात शिरत नाही. त्याचा विषय लहान आहे, पण त्याच्या तपशिलात उतरावे लागते: मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावावीत, आणि ती संख्या बदलणे म्हणजे कायद्याच्या लेखी नेमके काय करणे.

इतक्या दूरच्या देशातल्या कायद्याबद्दल मराठीत कशासाठी लिहायचे, असे कुणी विचारेल. ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च या शहरांत मराठी कुटुंबे राहतात, त्यांची मुले तिथल्या शाळांत जातात. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला तर क्राइस्टचर्चचे हॅगली ओव्हल हे मैदान चांगलेच ठाऊक आहे. १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी बांगलादेशाचा संघ दुसऱ्या दिवशीच्या कसोटीआधी नमाजासाठी अल नूर मशिदीकडे निघाला होता. खेळाडूंची बस मशिदीपासून हाकेच्या अंतरावर पोहोचली तेव्हा आत गोळीबार चालू होता. त्या दिवशी अल नूर आणि लिनवूड या दोन मशिदींत झालेल्या हल्ल्यात ५१ माणसे गेली. त्यांत तीन वर्षांचा एक मुलगा होता. हल्लेखोराचे नाव या पत्रात येणार नाही. आपल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत ते उच्चारायला नकार दिला होता, आणि तो पायंडा पाळण्यासारखा आहे.

मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. मॅगझिन म्हणजे बंदुकीला खालून बसणारी, आत स्प्रिंग असलेली धातूची किंवा प्लास्टिकची पेटी. एक गोळी सुटली की स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. अशी बंदूक न थांबता किती गोळ्या झाडू शकते, हे म्हणूनच त्या पेटीच्या मापावर ठरते. अनेक शॉटगनना सुटी पेटी नसते. त्यांच्या मुख्य नळीखाली दुसरी नळी असते आणि काडतुसे तिच्यात एकामागे एक आडवी बसतात.

आता मूळ मुद्दा. १३ नोव्हेंबर १९९० रोजी आपल्या देशाच्या दक्षिणेकडच्या अरामोआना या छोट्या किनारी वस्तीत एका माणसाने १३ जणांना मारले. त्यांत पोलीस सार्जंट स्ट्युअर्ट गथ्री होते. त्या घटनेनंतर १९९२ मध्ये कायदा बदलला आणि ‘लष्करी धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक’ असा वेगळा वर्ग तयार झाला. त्यासाठी साध्या परवान्यावर वेगळी मंजुरी लागे, अधिक कडक तपासणी होई. हेतू चांगला होता. पण बंदूक त्या वर्गात बसते की नाही, हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ठरवायचे होते: घडी घालता येणारा दस्ता, संगीन बसवण्याची जागा, विशिष्ट आकाराची मूठ, आणि मॅगझिनची क्षमता. .२२ रिमफायर या लहान, कमी ताकदीच्या काडतुसांसाठी १५ आणि इतर रायफलींसाठी ७ अशी मर्यादा होती.

याचा व्यवहारात अर्थ काय झाला ते पाहण्यासारखे आहे. एआर-१५ धाटणीची एखादी रायफल लहान मॅगझिनसह दुकानात आली आणि तिच्यावर इतर लष्करी खुणा नसल्या, तर ती साध्या वर्गात मोडे. साधा परवाना असलेला कुणीही ती विकत घेऊ शकत होता, आणि अशा बंदुकीची कुठे नोंदही होत नव्हती. मोठे मॅगझिन मात्र स्वतः शस्त्र मानले जात नव्हते. ते विकत घ्यायला परवाना दाखवावा लागत नव्हता. रायफल एका दुकानातून, मॅगझिन दुसरीकडून. दोन्ही खरेदी कायदेशीर. गुन्हा घडे तो घरी, ती पेटी रायफलीत बसवली त्या क्षणी. तो क्षण पाहायला अर्थातच कुणी हजर नसे.

क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने हीच फट वापरली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला साधा परवाना मिळाला आणि त्या परवान्यावर त्याने आपल्या बंदुका घेतल्या. पुढे मोठी मॅगझिन मिळवून त्याने त्या रायफलींचे रूप पालटले. चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या व्यवस्थेचा गैरफायदा घेणे सोपे होते, ही गोष्ट त्यात स्पष्ट नोंदलेली आहे. परवाना देतानाच्या तपासणीतल्या चुकाही त्या अहवालात आहेत आणि त्या गंभीर आहेत. पण परवाना चुकून दिला गेला, तरी पुढे आणखी एक अडसर असायला हवा होता. तो नव्हता.

हे कुणाला आधी दिसले नव्हते असेही नाही. सर थॉमस थॉर्प यांनी १९९७ मध्ये बंदूक नियंत्रणाचा मोठा आढावा घेऊन लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी सुचवली होती. ती अमलात आली नाही. २०१० मध्ये बंदुकीची मूठ कशा आकाराची असली म्हणजे ती ‘लष्करी’ ठरते, यावर उच्च न्यायालयात खटला चालला आणि पोलिसांचा अर्थ टिकला नाही. मग मुठीची व्याख्या दुरुस्त झाली. पेटीचा प्रश्न होता तिथेच राहिला. २०१७ मध्ये संसदेच्या समितीने २० शिफारशी केल्या. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीचा वर्ग ती मोठे मॅगझिन घेऊ शकते की नाही यावरून ठरवावा, हा विचार त्यांत होता. त्या वेळच्या पोलीस मंत्री पॉला बेनेट यांनी २० पैकी ७ शिफारशी स्वीकारल्या. ही त्यांत नव्हती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत मशिदींवर हल्ला झाला.

हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी, २१ मार्चला, सरकारने आदेश काढला. त्यातली कलमाची रचना आपण पुन्हा एकदा वाचावी अशी विनंती आहे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. बंदुकीला आज कोणते मॅगझिन लावले आहे, हा प्रश्नच तिथे उरला नाही. पाचांहून अधिक काडतुसांचे सुटे मॅगझिन तिला लागू शकते का, एवढेच पाहायचे. लागू शकत असेल तर ती वरच्या वर्गात. मालकाने कपाटात काय ठेवले आहे, याचा तिच्या वर्गाशी काही संबंध राहिला नाही. एप्रिलमध्ये आलेल्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले आणि मोठे मॅगझिन हीच एक प्रतिबंधित वस्तू ठरवली. शॉटगनसाठी मर्यादा पाच, .२२ रिमफायरसाठी दहा, इतर सुट्या मॅगझिनसाठी दहा. सत्तावीस वर्षे शस्त्राचा नुसता जोड समजली गेलेली ती पेटी अखेर कायद्याच्या नजरेत आली.

तो कायदा घाईत झाला, अशी आपल्या पक्षाची तक्रार होती. १० एप्रिलला तो ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधातले ते एक मत आपले नेते डेव्हिड सीमोर यांचे होते. संसदीय समितीकडे काही दिवसांत सुमारे १३,००० निवेदने आली. इतकी निवेदने तेवढ्या वेळात नीट वाचून होत नाहीत, हे मान्य करायलाच हवे. ग्रामीण भागातल्या माणसांना आपले म्हणणे कुणी ऐकले नाही असे वाटले असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. ससे, पोसम, बकऱ्या, हरणे यांनी कुरणांची आणि जंगलांची किती नासाडी केली आहे हे आपल्या देशात लहान मुलालाही माहीत असते, आणि तिथे शेतकऱ्याच्या हातातली बंदूक हे रोजचे अवजार आहे. म्हणून नवा कायदा सावकाश आणि काळजीपूर्वक लिहिला जात असेल, तर त्याचे स्वागतच आहे. फक्त घाईने केलेल्या कायद्यातली बरोबर गोष्ट दुरुस्तीच्या ओघात निसटू नये.

शॉटगनच्या कलमाचेच उदाहरण घ्या. नळीच्या मॅगझिनमध्ये पाचांहून अधिक काडतुसे मावू नयेत असे ठरले. पण काडतुसे एकाच लांबीची नसतात. शॉटगनची तीन इंची काडतुसे असतात, पावणेतीन इंची असतात आणि त्यांहून बरीच आखूडही मिळतात. काडतुसे एकामागे एक बसत असल्याने, ज्या नळीत लांब काडतुसे पाच बसतात तिच्यात आखूड काडतुसे सहा-सात बसू शकतात. नुसते ‘पाच’ लिहून थांबले असते, तर एखाद्या शेतकऱ्याची निरुपद्रवी बंदूक त्याने आणलेल्या काडतुसांच्या खोक्यावरून गुन्हा ठरली असती. म्हणून त्या बंदुकीच्या चेंबरच्या, म्हणजे झाडताना काडतूस बसते त्या जागेच्या, मापाला साजेशी काडतुसे धरून मोजायचे, असे शब्द कायद्यात आले. वाचायला कोरडे, पण ते प्रामाणिक मालकाला संरक्षण देतात आणि मोजणाऱ्या पोलिसाला एकच माप देतात. नव्या विधेयकात ते शब्द राहावेत.

यापुढचा प्रश्न अवघड आहे: क्षमता कमी करणे. ज्या शॉटगनची नळी मोठी होती, ती सरकारजमा न करता मान्यताप्राप्त गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तिची क्षमता कायमची पाचवर आणून घेण्याची सोय बंदुका जमा करून घेण्याच्या २०१९ च्या योजनेत होती. १३ जुलै ते २० डिसेंबर या काळात सुमारे ५६,००० बंदुका लोकांनी जमा केल्या, आणि पोलिसांच्या त्या वेळच्या आकड्यांनुसार २,७१७ बंदुकांमध्ये असे बदल करून त्या मालकाकडेच ठेवण्यात आल्या. आकडा लहान आहे, पण तत्त्व महत्त्वाचे आहे. कुणीतरी ठरवले की हा बदल खरा आहे, परत फिरणार नाही, आणि त्यावर आपले नाव घातले.

हा ‘कायमचा’ शब्द जगभर कायद्यांना छळतो. कॅनडाने त्यावर सर्वांत जास्त शाई खर्च केली आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये १४ स्त्रियांची हत्या झाली. मारेकऱ्याकडे तीस काडतुसांच्या मॅगझिनची सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती आणि ती कायदेशीर होती. त्यानंतर तिथे सेंटरफायर, म्हणजे अधिक ताकदीच्या काडतुसांच्या, सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी पाच आणि पिस्तुलांसाठी दहा ही मर्यादा आली. मोठे मॅगझिन लहान करून ठेवायलाही परवानगी मिळाली, मात्र ते सहज पूर्ववत करता येऊ नये अशी अट होती. नियमांत पद्धतीही लिहिल्या गेल्या: पेटीला दाब देऊन खाच पाडणे, पोलादी किंवा अॅल्युमिनियमच्या पेटीत अडसर वेल्डिंगने बसवणे, इतर पेट्यांत कायमच्या चिकट पदार्थाने जोडणे. इतके बारीक लिहूनही वाद थांबले नाहीत, कारण ‘सहज’ म्हणजे किती, याचे उत्तर प्रत्येक अवजारपेटी आणि प्रत्येक हात वेगळे देतो. जानेवारी २०१७ मध्ये क्युबेक शहरातल्या मशिदीत सहा जणांना मारणाऱ्याकडे तीस काडतुसांची दोन मॅगझिन होती, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या सहापट. त्याची रायफल पहिल्याच गोळीला अडकली आणि मग त्याने पिस्तूल काढले. रायफल अडकली नसती तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

कॅनडाच्या नियमातली दुसरी गुंतागुंत आपल्यासाठी जास्त उपयोगाची आहे. तिथे मर्यादा ठरते ती मॅगझिन मुळात कोणत्या बंदुकीसाठी बनवले होते त्यावरून. ते आज कशात बसवले आहे याला महत्त्व नाही. २०११ मध्ये तिथल्या पोलिसांनी हे स्पष्ट करणारे पत्रक काढले. परिणाम असा की एआर धाटणीच्या एका पिस्तुलासाठी बनवलेले दहा काडतुसांचे मॅगझिन त्याच धाटणीच्या रायफलीत बसवले, तर ते चालत असे. रायफलीची स्वतःची मर्यादा पाच असूनही चालत असे. उलट २०१६ मध्ये रुगर १०/२२ या साध्या .२२ रायफलीची पंचवीस काडतुसांची मॅगझिन अचानक बेकायदा ठरली, कारण तीच पेटी त्याच कंपनीच्या एका पिस्तुलालाही बसत होती. एका नियमाने एकीकडे रायफलीची मर्यादा दुप्पट झाली आणि दुसरीकडे ससे मारणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरण्याची भीती घातली. कोणत्या कारखान्याने कशासाठी बनवले, या प्रश्नावर कायदा उभा केला की असे होते. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडाने मॅगझिनमध्ये फेरफार करून ते मर्यादेबाहेर नेणे हाच स्वतंत्र गुन्हा केला. हे आधीच व्हायला हवे होते.

आपल्या शेजारी ऑस्ट्रेलियात हाच वाद एका तुर्की शॉटगनवरून पेटला. अॅडलर ए११० ही लिव्हर ओढून चालवायची बंदूक. २०१५ मध्ये तिच्या मोठ्या क्षमतेच्या आवृत्तीची आयात थांबवण्यात आली. पाच काडतुसांची आवृत्ती मात्र आत येत राहिली, आणि तिची नळी जोड लावून वाढवता येते यावरून राजकारण तापले. डिसेंबर २०१६ मध्ये संघराज्य आणि राज्ये यांनी मिळून ठरवले की पाचपर्यंतची लिव्हर-अॅक्शन शॉटगन एका वर्गात आणि त्यावरची सर्वांत कडक वर्गात. मर्यादेची रेघ आखली की नळी वाढवणारा जोड बाजारात येतोच. तेव्हा त्या जोडाची विक्रीसुद्धा कायद्याच्या कक्षेत असावी लागते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दहाहून अधिक काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी आहे, पण कायमचे बदलून दहावर आणलेले मॅगझिन त्यातून वगळले आहे. त्या कायद्यावरचा खटला वर्षानुवर्षे चालला. २० मार्च २०२५ रोजी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी बंदी कायम ठेवली. मोठे मॅगझिन हे शस्त्र नसून शस्त्राला जोडायची वस्तू आहे, असे बहुमताने म्हटले. विरोधी मत देणारे न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी आपल्या कक्षात बंदुका हाताळतानाची चित्रफीतच प्रसिद्ध केली. बंदुकीचा कुठलाही भाग बदलून ती अधिक घातक करता येते, मग कुठल्या भागाला जोड म्हणायचे आणि कुठल्याला शस्त्र, असा त्यांचा सवाल. तो अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीभोवती फिरतो आणि न्यूझीलंडला तसे बंधन नाही. तरी त्यांच्या निरीक्षणात तथ्य आहे: बंदूक हा भागांचा समुच्चय आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष त्यांच्या उलट असायला हवा. भाग बदलून बंदुकीचे स्वरूप बदलते, म्हणूनच ज्या भागाने ते सर्वांत जास्त बदलते त्याच्यावर कायद्याची नजर हवी.

मॅगझिन बदलायला दोन सेकंद लागतात, मग मर्यादेने काय साधते, हा युक्तिवाद आपण आपल्या पूर्वीच्या कामात अनेकदा ऐकला असेल. शांतपणे सराव करणाऱ्या नेमबाजाच्या बाबतीत तो खरा आहे. जीव घ्यायला निघालेल्या आणि समोर माणसे धावत असलेल्या माणसाच्या बाबतीत अनुभव वेगळा आहे. जानेवारी २०११ मध्ये अॅरिझोनातल्या टूसाँमध्ये खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ काडतुसांचे मॅगझिन होते. ते संपल्यावर दुसरे बसवताना लोकांनी त्याला जमिनीवर पाडले आणि पॅट्रिशिया मेश यांनी ते मॅगझिन हिसकावून घेतले. तोवर सहा जण गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ओहायोतल्या डेटनमध्ये शंभर काडतुसांचे ड्रम लावलेल्या माणसाने सुमारे अर्ध्या मिनिटात नऊ जणांना मारले. पोलीस तेवढ्या वेळात तिथे पोहोचले होते, तरीही नऊ.

आणि लिनवूड. हल्लेखोर दुसरी बंदूक आणायला गाडीकडे वळला तेव्हा अब्दुल अझीझ त्याच्या मागे धावले. हातात लागले ते कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र त्यांनी त्याच्यावर फेकले, मग त्यानेच टाकलेली रिकामी बंदूक उचलली आणि ती त्याच्या गाडीच्या काचेवर मारली. आपल्या देशाने त्यांना आणि अल नूरमध्ये हल्लेखोराच्या अंगावर धावून गेलेल्या नईम रशीद यांना न्यूझीलंड क्रॉस दिला. रशीद यांना तो मरणोत्तर मिळाला. लिनवूडमधल्या त्या थांबलेल्या सेकंदांत किती जीव वाचले याची मोजदाद होणार नाही, पण तिथे होते त्यांना विचारले तर ते सेकंद त्यांना नगण्य वाटणार नाहीत.

तेव्हा नव्या विधेयकाकडून अपेक्षा आहेत त्या साध्या आहेत. बंदुकीचा वर्ग तिला कोणते मॅगझिन लागू शकते यावरून ठरत राहावा. मोठे मॅगझिन ही स्वतः नियंत्रित वस्तू राहावी, मग ते बंदुकीत असो की कपाटात, आणि ते कुठल्या बंदुकीसाठी बनले होते हा प्रश्न गौण असावा. क्षमता वाढवणारे जोड विकणे आणि क्षमता कमी केलेले मॅगझिन पूर्ववत करणे, दोन्ही स्वतंत्र गुन्हे म्हणून स्पष्ट लिहावेत. म्हणजे सापडलेल्या वस्तूवरून निष्कर्ष काढत बसावे लागणार नाही. कायदा पाळणाऱ्या माणसाला मात्र मार्ग खुला हवा. वाडवडिलांची शॉटगन गनस्मिथकडे नेऊन तिची क्षमता पाचवर आणून घ्यायची असेल, तर खर्च, पद्धत आणि वेळ त्याला आधी कळायला हवा.

आमच्याकडे महाराष्ट्रात रिक्षाच्या मीटरला वैधमापन खात्याचे सील असते. ते तुटले की तपासणाऱ्याला मीटर उघडून पाहायची गरज उरत नाही. बदललेल्या बंदुकीवर आणि मॅगझिनवर अशी दिसणारी, क्रमांक असलेली खूण असावी. जून २०२३ पासून आपल्याकडे बंदुकांची नोंदवही सुरू झाली आहे. तिच्यात त्या बदलाची तारीख, तो करणाऱ्या गनस्मिथची मान्यता आणि बदलानंतरची क्षमता लिहिता येईल. २०१९ मध्ये बदललेल्या त्या २,७१७ बंदुका आज कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत. पुढे त्या विकल्या जातील, वारसांकडे जातील. त्या वेळी नव्या मालकाच्या हाती देण्याआधी मान्यताप्राप्त माणसाने ती नळी पुन्हा मोजावी आणि ती मोजणी नोंदवहीत चढावी, असे एक कलम आपण विधेयकात घालावे.

कळावे.

आपला नम्र,
महाराष्ट्रातील एक पत्रलेखक